गुलाबी साडीला घाबरणारी चळवळ

'गुलाबी साडी'वर नाचणारी मुलगी आंबेडकरी असूच शकत नाही, असे आपल्या जिल्ह्यातले काही ज्येष्ठ कार्यकर्ते आता उघडपणे बोलू लागले आहेत. नुसते बोलत असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. वयाने मोठ्या माणसांना नवी गाणी आवडत नाहीत, त्यात नवल काही नाही. पण आता या बोलण्यावरून निर्णय होऊ लागले आहेत. मुलींची नावे कार्यक्रमपत्रिकेतून कापली जात आहेत, आणि कापताना बाबासाहेबांचे नाव घेतले जात आहे. म्हणून लिहिणे भाग आहे.

झाले ते असे. धाराशिव जिल्ह्यातल्या एका वस्तीत (नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही एकाच वस्तीची गोष्ट नाही) जयंतीच्या आठवड्यात सांस्कृतिक कार्यक्रम होता. अकरावी-बारावीच्या पाच मुलींनी दोन गोष्टी बसवल्या होत्या, एक माता रमाईंवरची नाटिका आणि दुसरा 'गुलाबी साडी'वरचा नाच. महिनाभर समाजमंदिरात सराव केला होता. साड्या कुणी आईची, कुणी मावशीची, एकीने आठवडी बाजारातून तीनशे रुपयांची नवी आणली होती. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री समितीची बैठक झाली आणि नाच रद्द झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, "हितं जयंती हाय, तमाशा न्हाय." दुसऱ्यांनी पठ्ठे बापूरावांचा दाखला दिला. मुलींना निरोप गेला की फक्त नाटिका करा, आणि पांढऱ्या साड्या नेसून या. मुलींनी उलट निरोप पाठवला की मग नाटिकाही होणार नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. डीजेच्या भिंतीपुढे समितीचीच पोरे रात्री दहापर्यंत नाचली. सुरुवातीला दोन-चार भीमगीते झाली, नंतर जे वाजले ते कोणत्या चित्रपटातले, त्यात बाईबद्दल काय म्हटले आहे, याची चौकशी कुणी केली नाही. आम्ही समितीतल्या एकाला विचारले तर उत्तर मिळाले, "पोरांचं येगळं असतंय."

येगळं असतंय. सगळा वाद या दोन शब्दांत आहे. बाकीचा दाखल्यांचा पसारा हे दोन शब्द झाकण्यासाठी आहे. तरी तो पसारा उलगडून पाहू, कारण दाखले बाबासाहेबांच्या आयुष्यातले आहेत आणि ते चुकीच्या हातात जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

आधी गाणे. संजू राठोड यांचे हे गाणे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. शब्द त्यांचे, आवाज त्यांचा, संगीत जी-स्पार्क यांचे, व्हिडिओत त्यांच्यासोबत प्राजक्ता घाग. कोणत्याही चित्रपटाचा आधार नसताना ते कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि त्यावर किती बायाबापड्यांनी रील केले याची मोजदाद नाही. आशय थोडक्यात एवढाच की एक बाई नटली आहे, आपण छान दिसतोय हे तिला ठाऊक आहे आणि ती आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते. यात क्रांती नाही. शोषणाचा पाढाही नाही. लग्नाच्या मांडवात, बारशाला, डोहाळजेवणाला वाजावे असे ते गाणे आहे आणि तिथे ते वाजते.

आता पठ्ठे बापूराव. दाखला खरा आहे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण तमाशात आले, पठ्ठे बापूराव झाले. पवळाबाई महार समाजातल्या. त्यांच्या नाचावर आणि बापूरावांच्या लावण्यांवर फड गाजला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, ही त्यांची भूमिका होती.

ज्येष्ठांनी हा दाखला दिला आणि बैठकीत सगळे गप्प बसले म्हणे. आम्ही तिथे असतो तर एवढेच विचारले असते की बाबासाहेबांनी नाकारले ते नेमके काय? नाच नाकारला, की नाचवणे नाकारले? पवळाबाईंनी नटणे नाकारले, की पवळाबाईंच्या नटण्यावर दुसऱ्याने फड उभारणे नाकारले? ज्या समाजाच्या बाईला जन्मानेच 'नाचणारी' ठरवले होते, जिच्या नाचाला गावचा पाटील आणि शहरचा शेठ पैसे फेकत होता आणि उजाडल्यावर तिच्या सावलीचा विटाळ मानत होता, त्या व्यवस्थेचा पैसा त्यांनी परत केला. बाबासाहेबांनी तो पैसा परत केला म्हणून आपण बारावीच्या मुलीला समाजमंदिरातून परत पाठवायचे, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

परळच्या दामोदर हॉलमध्ये जून १९३६ मध्ये झालेली सभाही अशीच वापरली जाते. कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, जोगतिणी, वाघ्ये, आराधी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले आणि आमच्यासोबत यायचे असेल तर हे जिणे सोडा, असे त्यांनी सांगितले. आराधी म्हणजे कोण हे आपल्या जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही, तुळजापूर आपल्याच उंबऱ्याशी आहे. परडी कुणाच्या गळ्यात पडायची, पोतराज कुणाच्या घरचा व्हायचा, मुरळी कुणाची पोर सोडली जायची, हे जातीने ठरत होते. बाबासाहेबांचे बोलणे कठोर होते आणि त्या बायकांना ते बोचलेही असेल. पण त्या कठोरपणाचा रोख सक्तीवर होता. जन्माने लादलेले काम टाका, असे ते सांगत होते.

हेच त्यांनी आपल्या जिल्ह्यात येऊनही सांगितले. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली. अध्यक्ष बाबासाहेब. आपण दरवर्षी त्या परिषदेचा वर्धापनदिन साजरा करतो, भाषणे ठोकतो, पण वतन म्हणजे काय होते हे नव्या पोरांना नीट सांगत नाही. वतन म्हणजे महाराने सांगावा पोचवणे आणि मेलेले ढोर ओढणे, तसेच वतन म्हणजे मांगाने गावाच्या प्रत्येक शुभकार्यात हलगी वाजवणे. तुकडाभर जमीन आणि दारोदारची भाकर यांच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या बांधून घातलेली चाकरी. वाजवणाऱ्याला वाजवायचे आहे का, हे कुणी विचारत नव्हते. हलगी वाईट नव्हती. हलगी वाजवलीच पाहिजे, हे वाईट होते. आज तोच मातंग तरुण बँड काढतो, सुपारी घेतो, दर ठरवतो, मनात नसेल तर 'तारीख मोकळी नाही' म्हणून सांगतो. या 'नाही' म्हणण्यात बाबासाहेब आहेत. आणि ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याचे 'हो' देखील त्याचे स्वतःचे असते. त्या पाच मुलींचे 'हो' त्यांचे स्वतःचे होते. त्यांना कुणी नाचवत नव्हते.

तमाशा या शब्दाबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. समाजशास्त्र शिकताना आम्ही शर्मिला रेगे यांचे लावणी-पोवाड्यावरचे लेखन वाचले होते. अलीकडे शैलजा पाईक यांचे 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' आले, २०२२ मध्ये. त्यांना २०२४ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. फलक लावणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडले, देव जाणे (म्हणजे कुणीच जाणत नाही). पाईक दाखवतात की 'अश्लील' हा शिक्का कलेवर कमी आणि दलित बाईच्या अंगावर जास्त मारला गेला. तीच लावणी उच्चजातीय मराठीपणाच्या गाळणीतून गाळली की 'अस्सल' महाराष्ट्राची लोककला होते. शासकीय महोत्सवात घरंदाज आडनावाची नर्तकी नऊवारी नेसून लावणी करते तेव्हा पुढच्या रांगेत मंत्री बसतात. आपल्या वस्तीतली मुलगी सहावारी नेसून, अंगभर पदर घेऊन, फोटो काढण्याच्या गाण्यावर चार पावले टाकते तेव्हा तो तमाशा! हा शिक्का आपल्यावर दुसऱ्यांनी मारला होता. आता आपलेच ज्येष्ठ शाई घेऊन उभे आहेत.

यावर कुणी म्हणेल, नटण्यामुरडण्यात चळवळ कसली आली? मग महाड वाचा. चवदार तळे सगळ्यांना पाठ आहे, २५ डिसेंबरचे मनुस्मृतिदहन पाठ आहे. त्याच डिसेंबर १९२७ च्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांसमोर स्वतंत्रपणे बोलले ते मात्र भाषणात कधी येत नाही, आणि ते बोलले कशाबद्दल? लुगड्याबद्दल. दागिन्यांबद्दल. तुमची नेसण्याची तऱ्हा आणि गळ्या-हातातले ते जडशीळ दागिने पाहून कुणीही ओळखतो की तुम्ही अस्पृश्य आहात, ती खूण टाकून द्या, स्वच्छ राहा, इतर स्त्रियांसारखे लुगडे नेसा, हा त्या भाषणाचा गाभा होता. आणि स्त्रिया नव्या तऱ्हेने लुगडी नेसून आल्या. रात्रीत. ठराव नाही, उपसमिती नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' ज्यांनी वाचले असेल त्यांना माहीत आहे की आपल्या आज्या-पणज्यांची चळवळीतली पहिली कृती पुष्कळदा अंगावरच्या कापडापासून सुरू झाली.

कापडाला एवढे महत्त्व का? 'जातिनिर्मूलन' पुन्हा उघडा. इंदूर संस्थानातल्या बलाई जातीवर १९२८ च्या सुमारास सवर्णांनी घातलेले नियम बाबासाहेबांनी तिथे नोंदवले आहेत. बलाई पुरुषाने जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही. बलाई बाईने सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीचे कपडे घालायचे नाहीत. मोडले तर पाणी बंद, चराई बंद, गावातून हाकलणे. धोतराच्या काठाचा रंग कोणता असावा, यावर गाव पेटत होते. ज्यांना रंग नाकारला होता त्यांच्या नाती आज गुलाबी नेसतात. ते गुलाबी बाजारातून आले, सिंथेटिक आहे, दोन धुण्यांत फिके पडते, सगळे मान्य. पण ते नेसायला तिला कुणाची परवानगी लागत नाही, आणि जयंती समितीचीही लागता कामा नये.

पांढऱ्या साडीचा आग्रहही यात येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लोक पांढऱ्या वस्त्रांत आले. वंदनेला, पौर्णिमेला, ६ डिसेंबरला आपल्या बाया पांढरी साडी नेसतात. त्यात सौंदर्य आहे, शिस्त आहे, आणि ती आम्हाला प्रिय आहे. पण वंदनेचे वस्त्र वर्षभराचा गणवेश करायचा, तोही फक्त बायकांसाठी, हे धम्मात कुठे आहे? पुरुषांनी मिरवणुकीत काळे चष्मे आणि छापील शर्ट घातले तेव्हा उपासकाचे शुभ्र वस्त्र कुणाला आठवले नाही.

आता गाणे करणाऱ्याकडे वळू. संजू राठोड जळगाव जिल्ह्यातले, बंजारा समाजातले. आपल्या चर्चेत हा मुद्दा येतच नाही. 'तो काय आपला नाही' असे म्हणून विषय संपतो. आपला नाही म्हणजे? १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले, ज्यांना ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदोपत्री विमुक्त केले, त्या भटक्या-विमुक्तांच्या लढ्याशी आपले नाते भाषणापुरतेच आहे काय? नळदुर्गकडच्या तांड्यांवर आम्ही कामानिमित्त जातो. दिवाळीच्या सुमारास तांडे रिकामे होतात, कोयते घेऊन माणसे उसाच्या फडावर जातात, म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे मागे राहतात. तिथल्या म्हाताऱ्या बायका आजही फेटिया-कांचळी घालतात, आरशांचे, कवड्यांचे. त्यांच्या सुना साडी नेसतात. एकदा एका सुनेला विचारले, सासूबाईंसारखे का घालत नाही? ती म्हणाली, "बाजारात गेलं की लगेच वळखतेत, लमाणाची म्हणून. बोलायची तऱ्हाच बदलती लोकांची." महाडला बाबासाहेब जे सांगत होते ते या बाईला कुणी सांगितलेले नाही. तिला ते बाजाराने शिकवले. फेटिया-कांचळी सुंदर आहे, ती टिकावी असे आम्हालाही वाटते, पण टिकवण्याची जबाबदारी नेमकी तिच्याच अंगावर का? तर अशा समाजातला एक तरुण साडीवर गाणे करतो आणि ते घरोघर वाजते, यात आम्हाला काहीतरी ओळखीचे दिसते. त्याने ते मनात धरून केले असे आमचे म्हणणे नाही.

आणि हे ओळखीचे आपण सोडून दिले की दुसरे उचलतात. गाणे गाजले तसे ते 'मराठीचा अभिमान' झाले, 'मराठी गाणे सातासमुद्रापार' असे मथळे आले. तांडा गळून पडला, मराठी उरली. प्रल्हाद शिंदेंचे हेच झाले. त्यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी लागल्याशिवाय ज्यांच्या आषाढीला सकाळ होत नाही, त्यांतल्या किती जणांना त्यांची भीमगीते ठाऊक आहेत? आनंद शिंदेंच्या पोपटाच्या गाण्याने कॅसेटचा जमाना गाजवला, तेव्हा तेही 'थिल्लर' होते. आज तेच लोक जुन्या आठवणी म्हणून ते लावतात. थिल्लर कधीपर्यंत आणि ठेवा कधीपासून, हे ठरवणारे तेच असतात. निदान आपण तरी त्यांच्या घड्याळावर चालू नये.

गाण्यावर टीका करू नये असे आमचे म्हणणे नाही. करा ना, पण ऐकून करा. आमची टीका ही आहे: गाणे बाईच्या तोंडी आहे, शब्द पुरुषाचे आहेत. लावणीतही हेच होते, शब्द शाहिराचे आणि अंग बाईचे. शंभर वर्षे गेली, कॅमेरा आला, रील आले, तरी बाईने काय म्हणावे हे लिहिणारा हात पुरुषाचाच आहे. दुसरे, त्या गाण्यातल्या बाईला जगाकडून एक फोटो हवा आहे, यापलीकडे तिचे मागणे जात नाही. आणि व्हिडिओत बाईचे रूप-रंग असे आहे की आमच्या वस्तीतली सावळी पोर त्यात स्वतःला पाहताना आधी मोबाइलमधला रंग उजळवणारा फिल्टर शोधते. हा शेवटचा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त खुपतो. यावर मुलींशी बोलायला हवे होते. पाच मुली समोर बसल्या होत्या, महिनाभर. कुणी बोलले नाही. नाव कापणे सोपे पडले.

एक मात्र गाण्यापेक्षा रीलमध्ये घडले, आणि ते आम्हाला आवडले. आमच्या ओळखीतल्या कित्येक संसारी बायांनी नवऱ्याच्या हाती फोन दिला आणि सांगितले, धर नीट, हलवू नको, पुन्हा एकदा घे. नवरा उन्हात फोन धरून उभा. आयुष्यभर ज्यांचा फोटो आधार कार्डापुरता निघाला त्या बाया स्वतःला हव्या तशा उभ्या राहिल्या. यात चळवळ शोधू नका. मोलमजुरीवरून आलेल्या बाईला अर्धा मिनिट मजा करायची होती, एवढेच. हलके गाणे ऐकण्याचा, हलक्या गाण्यावर नाचण्याचा हक्क ब्राह्मण मुलीला आहे, मराठ्याच्या मुलीला आहे, मग आपल्याच मुलीने चोवीस तास इतिहासाचे ओझे डोक्यावर घेऊन का चालायचे?

गाण्याचे मोल आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवू नये. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा खून झाला, कारण त्याच्या फोनवर भीमगीत वाजले. जुलै १९९७ मध्ये रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतर विलास घोगरेंसारख्या शाहिराने स्वतःला संपवले. आपल्याकडे गाणे जिवावर बेतते. त्यामुळेच आपण गाण्याबाबत हळवे आहोत, हे आम्ही समजू शकतो. पण ज्यांनी आपल्या फोनवरचे गाणे बंद करायला हात उगारला त्यांनाही हेच वाटत होते की कुणी काय वाजवावे हे आपण ठरवायचे.

मुलींच्या तोंडी आपले शब्द असावेत असे खरोखर वाटत असेल तर शेजारच्या बीड जिल्ह्यात पाहा. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या, जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात त्या आजही ऐकायला मिळतात. त्या ओव्या बायकांनी स्वतः रचल्या, भीमरायावर, रमाईवर. कुठल्याही समितीने त्या तपासल्या नव्हत्या. त्याच पाच मुलींना मंच दिला असता, शब्द लिहायला सांगितले असते, तर कदाचित त्यांनी त्याच ठेक्यावर स्वतःचे शब्द बसवले असते. वामनदादांची लेकरे म्हणवतो आपण, आणि पोरींना चाल दिली की शब्द सुचतात, यावर आपला विश्वास नाही.

जयंतीची वर्गणी गोळा होते तेव्हा पावतीपुस्तक घेऊन समितीचे लोक संध्याकाळी घरोघर जातात. पैसे देतात त्या बहुतेक बाया, बचत गटातून नाहीतर मजुरीतून. पावती फाडली जाते नवऱ्याच्या नावाने. समितीच्या यादीत एखादी महिला उपाध्यक्ष असते, तिला कळते ते फलक छापून आल्यावर. येत्या वर्षीची पहिली बैठक फेब्रुवारी-मार्चमध्ये होईल. ती नेहमीप्रमाणे रात्री नऊला चावडीपुढे न ठेवता, बाया कामावरून येऊन स्वयंपाक उरकतात त्यानंतर समाजमंदिरात ठेवावी. अकरा जणांच्या समितीत निदान पाच स्त्रिया असाव्यात, त्यात दोन तरी अठरा-वीस वर्षांच्या. सांस्कृतिक कार्यक्रमाची यादी त्या पाच जणींनी करावी, आणि डीजेवर काय वाजेल त्याचीही. मुलांच्या गाण्यांची यादी त्यांच्यापुढे वाचून दाखवावी लागेल तेव्हा 'पोरांचं येगळं असतंय' हे वाक्य किती जण म्हणू शकतात ते पाहू. वर्गणीची पावती यंदापासून देणारीच्या नावाने फाडा. आम्ही आमच्या वस्तीत ही मागणी लेखी देणार आहोत, तुमच्या वस्तीत कोण देणार ते कळवा.